विचारायची जागा

अकोला, ६ सप्टेंबर १९३६

दौलतदादा,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. खुशालीचं एका ओळीत उरकतो, कारण खरं लिहायचं आहे ते दुसरंच, आणि ते लिहायला बसलो की शाळेची घंटा होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चार मास्तर चिखलदऱ्याला गेलो होतो. तिथे एका कड्यावर एक साहेब मडमेपुढे गुडघा टेकून बसलेला दिसला. मला वाटलं त्याचं काही पडलं. शोधू लागावं म्हणून मी पुढे झालो, तर आमच्या हेडमास्तरांनी माझा कोट धरून मागे ओढलं. मग म्हणाले, ती त्यांची रीत आहे. लग्नाचं पुरुषाने स्वतः बाईला विचारायचं, आणि तेही चांगली देखणी जागा पाहून, म्हणजे ती जागा तिला जन्मभर आठवते.

दादा, हसू नका. मला ते फार पटलं. आपल्याकडे मुलीच्या बापाला विचारतात, मामाला विचारतात, जोशीबुवांना विचारतात. मुलीला फक्त चालून दाखव म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत मी वाशीमला येणार आहे आणि एका मुलीला स्वतः विचारणार आहे. कोण ते आत्ता विचारू नका. तुम्ही मला जागा सांगा. तुमच्या मळ्याच्या आसपासचीच हवी. पाणी असावं, झाड असावं, संध्याकाळी बरं दिसावं. मी पडलो बोर्डिंगात वाढलेला, चार दिवसांचा पाहुणा, मला तिथलं काय माहीत? तुमचा मळा सोडला तर लहानपणी पाहिलेला तीर्थाचा घाट तेवढा आठवतो. दगडी पायऱ्या होत्या, कमळं होती. तो कसा वाटतो?

पत्र नेहमीप्रमाणे वहिनींची धाकटी बहीण, रुख्मिणीबाईच वाचून दाखवतील. त्यांनाही विचारा. त्यांचं मत मला जरूर कळवा.

आपला,
जगदेव


वाशीम, १४ सप्टेंबर १९३६

जगू,

तुहं पत्र भेटलं. मी बोलून राह्यलो, रुख्मिणी लिहून राह्यली, आन तुही वहिनी प्रयागबाई मधातून टोकून राह्यली. म्हणून काई इकडचं तिकडं झालं त समजून घेजो.

पयले मले वाटलं तू इकडं वावर घेतो काय, म्हणून जागा पाहून राह्यला. मंग रुख्मिणीनं पुन्हा वाचून दाखवलं. पोरीले इचाराले जागा लागते हे मी या जन्मात पयल्यांदा आयकलं. तुह्या वहिनीले मी लग्नाआधी पायलंच नोतं. अंतरपाट सरकला तवा पायलं, आन तवाच अक्षता डोयात गेल्या.

तीर्थाच्या घाटाचं नाव काढू नको. तिथं लोक पिंड पाडाले येतात. कमळं हायत, पण कमळासंगं न्हावी बी हाय. तू पोरीले इचारशीन आन बाजूले कोणी डोकं भादरून घेत असंल, हे काय चांगलं दिसते?

माह्या मतानं अनसिंग रस्त्याचं मोटारठेसन चांगलं. बसाले बाकडं हाय, प्याले पाणी हाय, गाडी येते-जाते तेवढीच करमणूक. आन पोरगी 'नाई' म्हनली त तू गाडीत बसून निंघून जाशीन.

पोरगी कोन ते तू नाई सांगतलं तरी मले समजते. कारंज्याच्या बबनरावाची. तुह्या मायनं, जिजामामीनं, गुढीपाडव्यापासून तेच लावून धरलं हाय. मंग आमच्या मळ्याजोळ जागा कायले पाहतो? कारंज्यातच पाह्य ना. का पोरीले इथवर आणशीन?

तुहा,
दौलत

ता. क. मास्तर, दादांचं सांगून झालं. आता माझ्या दोन ओळी. माझ्यासारख्या विधवेला अशा कामात कोणी विचारत नाही. परवा ताईकडे हळदीकुंकू होतं, तर मी टोपली घेऊन मागच्या दाराने बाजारात गेले. पण तुम्ही विचारलं म्हणून सांगते. ज्या मुलीला विचारायचं, ती जिथे उभी राहिली तरी तिला कोणी हटकणार नाही, अशी जागा पाहा. पाणी आणि झाड असलं काय, नसलं काय. बबनरावांची मुलगी चांगली आहे म्हणतात. तुमचं भलं होवो. रुख्मिणी.


अकोला, २३ सप्टेंबर १९३६

दौलतदादा,

तुमचं पत्र वाचून मी हसलो, आणि शेवटी हसू गेलं. आईच्या मनात काय आहे ते आईचं. मी पत्रात कोणाचंही नाव लिहिलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

रुख्मिणीबाईंचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के मान्य. कोणी हटकणार नाही, म्हणजे जिथे कोणाची ये-जा नाही अशी निवांत जागा. हे मला सुचलंच नव्हतं. स्टेशन म्हणूनच बाद. तिथे हमाल, तिकीटवाला, सगळा गाव.

मग तुमच्याच मळ्यातली विहीर कशी? मोट बंद झाली की तिथे सामसूम असते. केळीची सावली आहे, पाटात पाणी असतं. गेल्या वर्षी मी तिथे बसलो होतो तेव्हा उठावंसं वाटत नव्हतं. संध्याकाळची वेळ बरी की सकाळची? आणि एक सांगा, समजा मुलगी काहीच बोलली नाही, तर त्याचा अर्थ काय धरायचा? मी मुलांना व्याकरण शिकवतो, पण हे व्याकरणात बसत नाही. रुख्मिणीबाईंना विचारून कळवा.

आपला,
जगदेव


वाशीम, ४ ऑक्टोबर १९३६

जगू,

विहिरीचं नाव काढल्याबरोबर तुही वहिनी पोळी तव्यावरच टाकून बाहेर आली. ती म्हनते, दिवस बुडता बुडता जवान पोरगी एकटी विहिरीवर दिसली त सारा गाव दोर घेऊन धावंल. तू खाली गुडघा टेकून बसशीन, लोक तुले धरून बदडतीन. तिचं म्हणनं खरं हाय. विहीर नाई.

बरं, मले एक कोडं पडलं होतं. बबनरावाची पोरगी आमच्या मळ्यात येईल कशी? कोनासंगं येईल? मी त्या कोड्यावर लय डोकं खाजवलं. काल वांग्याले पाणी देता देता मले एकदम उजेड पडला. इतका, की पाटाचा दांड फुटून पाणी सांबाराच्या वाफ्यात शिरलं तरी मले समजलं नाई.

(काय उजेड पडला ते मला सांगत नाहीत. नुसते हसतात आणि ताईला कोपऱ्यात बोलावून कुजबुजतात. लिहिणाऱ्या माणसाला अर्धवट सांगून चालतं का, मास्तर? रुख्मिणी.)

आता आयक. मळ्याच्या मांगची टेकडी. तिथून वाशीम सारं दिसते. कोनी येत नाई, जात नाई, वारा हाय. आन पुढं जे जे लागंल ते सारं तिथंच हाताशी हाय. ते काय, हे मी लिहत नाई. तू आला म्हंजे पाहशीनच. येळ दिवस बुडतानाची. काई इचारू नको, मोठा भाऊ सांगतो म्हणून आयक.

पोरगी काई बोलली नाई त काय समजाचं, हे मी रुख्मिणीले इचारलं. ती म्हनते, मले काय माहीत, मले कधी कोनी इचारलं?

तुहा,
दौलत


अकोला, २ नोव्हेंबर १९३६

दौलतदादा,

टेकडी ठरली. सुट्टी लागली की मी येतो. पाडव्याच्या संध्याकाळी आपण सगळेच वर फराळाला जाऊ, म्हणजे कोणाला वेगळं वाटणार नाही. रुख्मिणीबाईंनीही यायलाच हवं. फराळाची टोपली त्यांच्याकडे द्या. मुलगी येण्याची काळजी करू नका, ती येईल.

जगदेव


अकोला, २४ नोव्हेंबर १९३६

दौलतदादा,

हे पत्र रुख्मिणीबाईंच्या हाती पडू नये म्हणून तुमच्या वाशीमच्या शाळेतल्या गोविंदसिंग मास्तरांच्या पत्त्यावर टाकतो आहे. ते तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांच्यापुढे मला आता लाज उरलेली नाही.

माझं काय चुकलं, ते मला सांगा. दुसऱ्याच दिवशी मी पळाल्यासारखा निघून आलो, कारण तुम्ही दोघं माझ्याशी नजर मिळवत नव्हता आणि रुख्मिणीबाई तर समोरच आल्या नाहीत. इथे आल्यापासून ती संध्याकाळ डोक्यात घोळते आहे आणि काहीच उलगडत नाही.

तुम्ही आणि वहिनी मुद्दाम मागे रेंगाळलात, ते माझ्या लक्षात आलं होतं. रुख्मिणीबाई टोपली घेऊन पुढे गेल्या. वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, मुलगी अजून आली नाही?" मी म्हटलं, "आली." त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिथे एक मोठं झुडूप होतं, जांभळट फुलांनी भरलेलं. मी म्हटलं, "या झाडाजवळ या, इथून छान दिसतं." खाली वाशीमात पणत्या लागत होत्या. सूर्य गेला होता, पण आभाळ अजून तांबडं होतं. दादा, चिखलदऱ्याच्या कड्यापेक्षा ती जागा मला देखणी वाटली. मी गुडघा टेकला आणि विचारलं.

त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "मास्तर, तुमीबी अंधारातच आले काय?" आणि टोपली उचलून खाली उतरल्या. एक अनारसा पडला होता, तो मी उचलला. तो तसाच माझ्या कोटाच्या खिशात आहे.

अंधार नव्हता हो! आणि असता तरी काय बिघडत होतं? मी त्यांना आवडत नसेन तर तसं म्हणायचं होतं. मी ते सोसलं असतं. पण 'तुमीबी' म्हणजे काय? आणखी कोण?

मला त्या का आवडल्या, तेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी मी बाजारात गेलो होतो, तेव्हा त्या तुमच्या मळ्यातली भाजी विकत बसल्या होत्या. कचेरीतला एक पट्टेवाला त्यांच्या ढिगातली वांगी उचलून पैसे न देता निघाला. बाकीचे सगळे माना खाली घालून बसले होते. यांनी बसल्या जागेवरून त्याला हाक मारली आणि एकेक वांगं परत ढिगावर ठेवायला लावलं. मग त्याच हाताने पुढच्या म्हातारीला सांबाराची, पुस्तकात कोथिंबीर म्हणतात तिची, जुडी फुकट दिली. त्या दिवसापासून मला दुसरं कोणी सुचत नाही. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला तरी काय आहे?

जगदेव


वाशीम, १ डिसेंबर १९३६

जगू,

गोविंदसिंग मास्तर लिहून राह्यले. ते म्हंतात भाषा सुधारतो. मी म्हंतलं, तशीच राहू द्या, पोराले माहा आवाज आयकू आला पाह्यजे.

चूक तुही नाई. माही हाय. तू ज्याले झाड म्हंतो ना, ते रुई हाय. तुले बोर्डिंगात कोनी सांगतलं नसंल. आपल्यात विधवेचा पाट लागते, म्हंजे दुसरं लगन होते, ते काई वाईट नाई. पण पोरगा कुंवारा असला त आधी त्याचं लगन रुईच्या झाडासंगं लावतात. मंग तो बिजवर झाला, असं धरतात, आन मंग त्याचा पाट. तो बी रातच्याले, वाजंत्री नाई, मांडव नाई, गावाबाहेरून. आन दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचं तोंड कोनी सवाष्ण पाहात नाई.

तुही पोरगी कोन ते मले वांग्याच्या वाफ्यात समजलं. मी म्हंतलं, पत्र त रुख्मिणीच लिहते, तिच्या हातून हे लिहिता येत नाई. आपनच सोय करून ठेवू. टेकडीवर रुई हाय, दिवस बुडताना नेऊ, तिनं हो म्हंतलं त गोष्ट तिथंच पक्की. मले वाटलं मी लय हुशारी केली. तुही वहिनी म्हनली बी होती, आधी तिच्या कानावर घाला. मी आयकलं नाई.

आता 'तुमीबी' म्हंजे काय, ते सांगतो. तिचा नवरा पटकीत गेला तवा ती पोर होती, सासरी नांदाले बी गेली नोती. मांगच्या चार वर्षांत तिच्यासाठी तिघं आले. एक मंगरूळचा बिजवर, पाच लेकरायचा बाप. एक रिसोडकडचा, तो त निस्ता खोकत होता. तिसऱ्याचं सांगतच नाई. सारे दिवस बुडाल्यावर आले, कुंपनाच्या पलीकडून हाक मारली, तिच्यासंगं एक शब्द बोलले नाई. माह्यासंगं बोलले, जसं काई बैलाचं बोलून राह्यले. तिनं तिघायले बी वाट दाखवली. आन तू, जगू, तिच्या लेखी चौथा झाला.

आता ती बाजारात वांग्याचा भाव वाढवून बसली, गिऱ्हाइकावर राग काढून राह्यली. मी समजवाले गेलो त म्हनली, दादा, तुमी पाणी द्या. आता तूच काय करशीन ते कर. माह्या डोक्यानं चालू नको.

तुहा,
दौलत


अकोला, ६ डिसेंबर १९३६

रुख्मिणीबाई,

हे पत्र थेट तुम्हाला लिहितो आहे. मधे कोणी नको. तुम्ही ते फाडून टाकलंत तरी माझी तक्रार नाही.

ते झाड रुईचं होतं हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्याचा अर्थ कळला नसता. दोन महिने मी जागा शोधत होतो, पण सगळ्या जागा माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. तिथे तुम्हाला काय दिसेल, हे एकदाही मनात आलं नाही. याची मला फार लाज वाटते.

मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. हा प्रश्न नाही. प्रश्न मी अजून विचारलेलाच नाही असं समजा. तो कुठे आणि कधी विचारू, ते तुम्ही सांगा. विचारूच नका म्हणालात, तर विचारणार नाही.

जगदेव


वाशीम, १९ डिसेंबर १९३६

जगदेव मास्तर,

आजवर मी पुष्कळ पत्रं लिहिली, पण सगळी दुसऱ्यांच्या तोंडची. आज माझी लिहायची तर सुरुवात जमेना. म्हणून उशीर झाला.

मला खरंच वाटत होतं, की तुम्ही बबनरावांच्या मुलीला विचारणार आहात. तुमची पत्रं मी दादांना मोठ्याने वाचून दाखवत होते आणि प्रत्येक वेळी माझं मन जड होत होतं. का, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. टोपली घेऊन टेकडी चढताना सारखी वाट पाहत होते, की ती मुलगी येईल, मी तिला फराळ देईन आणि बाजूला होईन. बाजूला व्हायची मला सवय आहे. मग तुम्ही मलाच रुईजवळ बोलावलंत. त्या क्षणी मला काहीच कळेना. आनंद झाला की अपमान झाला, तेही कळेना. दिसली ती रुई आणि बुडालेला दिवस. वाटलं, शिकलेला माणूसही शेवटी अंधार पडल्यावरच आला. मी घरी येऊन खूप रडले. ताईला वाटलं, मी अनारसे सांडले म्हणून रडते.

आता तुम्ही जागा विचारता. मास्तर, जागा मी पहिल्याच पत्रात सांगितली होती. जिथे मला कोणी हटकणार नाही. तुम्ही त्याचा अर्थ एकांत धरलात. मला एकांतातच हटकतात हो. टेकडीवर एकटी दिसले तर विचारतात, इथे काय करते? विहिरीवर विचारतात. लग्नाच्या मांडवात तर विचारतही नाहीत, नुसतं पाहतात. या सबंध वाशीमात एकच जागा आहे, जिथे माझं बसणं कोणाला खटकत नाही. भाजीबाजारात, चिंचेच्या बाजूची तिसरी बैठक. तिथे सकाळची बोहनी, दिवसाची पहिली विक्री, लोक माझ्या हातून करून घेतात. तिथे मी अशुभ नसते.

विचारायचंच असेल तर तिथे विचारा. बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, उन्हात. जागा देखणी नाही. खाली सडकी पानं असतात आणि गाई तोंड घालतात.

एक मात्र आधीच सांगते. हो म्हणेन की नाही, ते तेव्हा सांगेन. आणि तुमच्या आईंनी मला घरात घेतलं नाही, तर त्यांना तोडून मला यायचं नाही. मी एका घरातून मागच्या दाराने निघते तेवढं पुरे.

रुख्मिणी


वाशीम, ४ जानेवारी १९३७

जिजामामी,

दौलतचा दंडवत. हे पत्र बी गोविंदसिंग मास्तर लिहून राह्यले, कारन आमची लिहिणारी आज टाक हातात घ्याले तयार नाई. तिले लाज वाटते.

मामी, तुमी बसून आयका. जगूनं लगन ठरवलं. बबनरावाची पोरगी नोहे. आमची रुख्मिणी. तुमच्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी मी सांगतो, म्हंजे तुमाले जे बोलाचं ते मले बोला.

काल बाजार होता. मी गाजरं घेऊन रुख्मिणीच्या बाजूले बसलो होतो. ऊन चांगलं तापलं होतं, गर्दी अशी की पाय ठेवाले जागा नाई. अन् पाहतो त जगू! ठेसनावरून सिधा आला, कोट घातलेला, घामानं निथळून राह्यला. रुख्मिणी एका म्हातारीले वांगे मोजून राह्यली होती. तो समोर उभा झाला आन म्हनला, "रुख्मिणीबाई, माझ्याशी लग्न कराल का?"

म्हातारीले वाटलं हा भाव पाडून राह्यला. ती म्हनली, "मी आधी आली, बाप्पा. लाइनीत राह्य." पलीकडचा लसूणवाला म्हनला, काय झालं, काय झालं? रुख्मिणीनं मान वर केली नाई. तराजू तसाच धरून म्हनली, "आयकू नाई आलं. जोरानं इचारा."

मामी, तुमचा पोरगा वर्गात कसा ओरडत असंल ते काल आमाले समजलं. अख्खा भाजीबाजार वळून पाहाले लागला. रुख्मिणीनं पयले काटा सिधा होऊ देला, वांगे म्हातारीच्या पदरात टाकले, पैसे मोजून घेतले. मंग उभी झाली. म्हनली, "माह्याकडून व्हय हाय. पण मानोऱ्याहून तुमच्या मायचा होकार आना." आन खाली बसली. लसूणवाल्यानं त्याच्या पाटीतला लसूण जगूच्या खिशात कोंबला, कायले ते त्यालेच माहीत. या गडबडीत गाईनं आमचा पालक खाल्ला.

आता सारं तुमच्यावर येऊन अटकलं. जातीतले चार लोक मले म्हंतात, पोरगा कुंवारा हाय, रुई लागंल, रातचा पाट लागंल, नाईतर आमी येत नाई. जगू म्हंतो, रुई नाई आन रात बी नाई. मले समजत नाई, कोनाचं आयकू. पोरगी मात्र म्हंते, मास्तरांची माय जे म्हंतीन तेच. ती चूल फुकता फुकता दाराकडं पाहते, पत्रवाला आला काय म्हणून. मामी, लवकर लिहा.

तुमचा,
दौलत


मानोरा, १२ जानेवारी १९३७

रुख्मिणी,

मी जगदेवची माय, जिजाबाई. मी सांगते आन धरमसिंग पोस्टमन लिहतो. हे पत्र दौलतच्या नावानं नाई टाकलं, कारन शेवटी वाचणार तूच.

मले राग आला, हे लपवत नाई. तुह्यावर नाई, पोरावर. दोन महिने साऱ्या वाशीमले जागा इचारत हिंडला, आन मायले एक शब्द नाई. बबनरावाले मी निरोप धाडला होता, आता मलेच तोंड घेऊन कारंज्याले जा लागंल. मी जाईन. ते माह्याकडं लागलं.

दौलतले सांग, रुईले टेकडीवरच राहू दे. तिचं तिथं बरं चाललं हाय. जातवाले आले त जेवतीन, नाई आले त तेवढंच वरण वाचंल. लगन दिवसा लागंल, आमच्या दारात, वाजंत्री लावून. तुले हळद लागंल. कोनी सवाष्ण हात लावाले तयार नाई झाली त तुही बहीण लावंल.

आता एक गोष्ट आयक. लगनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आपापल्या घरात दडून बसतीन, तुहं तोंड दिसू नये म्हणून. तू मनाले लावून घेऊ नको. जगदेवचा बाप गेल्यापासून माहं बी तसंच हाय. सकाळी शुभ कामाले निंघालेला माणूस मले पाहून गल्ली बदलते. इतके वर्स झाले, माह्या घरात सकाळी माह्या तोंडाकडं पाहून कोनी हासलं नाई.

त्या दिवशी तू झुंजूमुंजू उठ आन समोरचं दार उघड. मांगचं नाई. मी वट्यावर बसून राहीन. तू मले पाह्य, मी तुले पाहीन. मंग दोघी मिळून चहा मांडू.

येतानी सांबार आनजो. मानोऱ्यात चांगला भेटत नाई.

तुही सासू,
जिजाबाई